हिरव्या पाण्याला उकळी पुरत नाही



भुशी म्हटलं की लोकांना पावसाळा आठवतो. धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी, भिजायला आलेली गर्दी, कणसं आणि भजी. आमच्या बायकांना त्या तीन महिन्यांत दोन पैसे मिळतात, म्हणून त्याही पावसाची वाट बघतात. पण आम्ही आज बोलणार आहोत ते मे महिन्याबद्दल. तेव्हा इथे पर्यटक भिजायला येत नाहीत. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या डोंगरात तेव्हा आमच्या बाया हंडे घेऊन हिंडत असतात, आणि उतारावरच्या बंगल्यांतले पोहायचे तलाव मात्र निळेशार भरलेले असतात.

अशाच एका मे महिन्यात आम्ही जवळच्या एका वस्तीत गेलो होतो. तीन पोरांना उलट्या, पोटात कळा आणि अंगावर लाल पुरळ. दोन दिवस टँकर आला नव्हता, म्हणून जुन्या दगडखाणीतलं पाणी भरलं होतं आणि पोरं तिथेच डुंबलीही होती. आम्ही जीवनजल पाजलं, एका पोराला दवाखान्यात पाठवलं, आणि सवयीप्रमाणे त्याच्या आईला विचारलं, "पाणी उकळलं होतं का?" ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं खळाखळा उकळलं होतं. निम्मा सिलिंडर त्यातच गेला." आम्ही खाणीवर जाऊन पाहिलं. पाण्यावर पोपटी रंगाची साय धरली होती, कोणी ऑइलपेंटचा डबा ओतावा तशी. आम्ही कागदावर लिहून एका कार्यालयात दिलं की या पाण्याचा नमुना तपासा. उत्तर आलं, "टीसीएल पावडर टाकून घ्या." पोरं चार दिवसांत बरी झाली. त्यांना शेवाळाने बाधलं की आणखी कशाने, हे कोणी तपासलंच नाही.

त्या दिवशी आम्हाला स्वतःची लाज वाटली. वीस वर्षं आम्ही वस्त्या-वस्त्यांत एकच मंत्र सांगत आलो, पाणी उकळा. तो मंत्र खोटा नाही. कावीळ, हगवण, विषमज्वर यांचे जंतू उकळीने मरतात. पण हिरव्या पाण्यातलं विष उकळीने जात नाही, हे आम्हाला नर्सिंगच्या पदविकेत कोणी शिकवलं नव्हतं आणि आम्हीही शोधलं नव्हतं. म्हणून हे लिहिणं म्हणजे आमच्याच जुन्या सल्ल्याची दुरुस्ती आहे.

हे शेवाळ नव्हे, जिवाणू

आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते खरं तर शेवाळ नाही. ते जिवाणू आहेत, शास्त्रज्ञ त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. ते झाडासारखे उन्हावर अन्न तयार करतात. पृथ्वीवर माणूस तर सोडाच, गवताचं पातंही नव्हतं तेव्हापासून ते आहेत. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू हवेत पहिल्यांदा भरला तो यांनीच, दोनशे कोटी वर्षांहून आधी. मावळातल्या भातवाल्यांना तर ते चांगलेच ओळखीचे आहेत. भातखाचरात काही जातींचं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र धरून ठेवतं आणि भाताला फुकटचं खत मिळतं. हे भारतात पी. के. डे यांनी 1939 मध्ये दाखवून दिलं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आपल्याला इंद्रायणी तांदूळ दिला. त्या तांदळाच्या चिखलातही हे सूक्ष्म जीव राबत असतात.

म्हणजे हा जीव मुळात वैरी नाही. तो माजतो कधी? पाणी साचलेलं असलं, ऊन कडक असलं आणि पाण्यात नत्र व स्फुरद भरपूर मिळालं की. हे नत्र-स्फुरद येतं कुठून? गटाराच्या पाण्यातून, हॉटेल-बंगल्यांच्या मैल्यातून, साबण-सोड्यातून, गोठ्यातून आणि शेतातून वाहून आलेल्या खतातून. ज्या तळ्यात गावाची घाण जाते ते तळं उन्हाळ्यात हिरवं होतं, हे साधं गणित आहे. कोल्हापूरकरांनी रंकाळ्याचं पाणी हिरवं होऊन घाण सुटलेली पाहिली आहे. त्यात देवाचा कोप नाही की कोणाची नजर नाही.

त्यांच्यातल्या काही जाती, सगळ्या नव्हे, विष तयार करतात. सर्वांत जास्त आढळणारं विष म्हणजे मायक्रोसिस्टिन. ते पोटातून रक्तात आणि तिथून थेट यकृतात जातं. यकृताच्या पेशींना पित्तासारखे पदार्थ आत घेण्यासाठी दारं असतात, हे विष त्याच दारांनी आत शिरतं. आत गेल्यावर पेशीची घडी सांभाळणारी काही विकरं ते बंद पाडतं. पेशी आपला आकार सोडते, यकृतात रक्त साचतं. थोडं-थोडं विष खूप दिवस गेलं तरी यकृताला ते बरं नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1998 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा घातली, एका लिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या थोडक्याची काळजी करावी लागते, असा हा प्रकार.

आणि हे विष फार चिवट. चुलीवरच्या उकळीने ते मोडत नाही. उलट पाणी आटतं आणि तेवढंच विष कमी पाण्यात उरतं. शिवाय हे विष बरंचसं जिवाणूच्या पोटात असतं. जिवाणू जिवंत आणि अख्खा असेल तर तो गाळून काढता येतो. पण उकळून, टीसीएल टाकून किंवा मोरचूद टाकून त्याला मारलं की त्याची पेशी फुटते आणि पोटातलं विष पाण्यात विरघळतं. पाणी वरून स्वच्छ दिसायला लागतं आणि आतून जास्त वाईट झालेलं असतं. आम्हाला मिळालेला "टीसीएल टाकून घ्या" हा सल्ला म्हणूनच त्या खाणीसाठी चुकीचा होता. गाळलेल्या स्वच्छ पाण्यात, नीट मात्रेत आणि पुरेसा वेळ ठेवून क्लोरीन वापरलं तर ते या विषालाही बऱ्यापैकी मोडतं. पण ते काम जलशुद्धीकरण केंद्राचं. हिरव्यागार डबक्यात पावडरीची पिशवी उलटी करणं म्हणजे शुद्धीकरण नव्हे.

पाम बेट, कारुआरू, टोलेडो

हे आम्ही मनाचं सांगत नाही. तीन गावांच्या गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिलं गाव ऑस्ट्रेलियातलं पाम बेट. क्वीन्सलँडच्या सरकारने तिथल्या आदिवासींना त्यांच्या मुलखातून उचलून या बेटावर आणून ठेवलं होतं. कोणाला कुठे राहू द्यायचं हे ज्यांच्याबाबतीत दुसऱ्यांनी ठरवलं, अशी ती वस्ती. आपल्याला ती गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. 1979 मध्ये तिथल्या धरणाच्या पाण्याला वास आणि चव येऊ लागली. लोकांनी तक्रार केली. शेवाळ मारायला धरणात मोरचूद टाकण्यात आलं. त्यानंतर काही दिवसांत जवळजवळ दीडशे माणसं आजारी पडली, त्यात बहुतेक मुलं. उलट्या, यकृताला सूज, रक्ताची हगवण, मूत्रपिंडाला त्रास. ज्या घरांना त्या धरणाचं पाणी होतं तीच घरं आजारी होती. सुदैवाने कोणी दगावलं नाही. त्या आजाराला नावच पडलं "पाम बेटाचा गूढ आजार". पुढे काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच धरणातला निळा-हिरवा जिवाणू वाढवून त्याचं विष दाखवून दिलं, तेव्हा ते गूढ उकललं. लोकांची तक्रार खरी होती, उपाय मात्र विचार न करता झाला होता.

दुसरं गाव ब्राझीलमधलं कारुआरू. 1996 चा फेब्रुवारी, दुष्काळ. तिथल्या एका डायलिसिस केंद्राला धरणातून टँकरने पाणी यायचं आणि ते नीट शुद्ध केलेलं नव्हतं. डायलिसिसच्या एका वेळेला शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं आणि ते रक्ताच्या अगदी शेजारून वाहतं, मध्ये फक्त पातळ पडदा. 116 रुग्णांना मळमळ, उलट्या, अंधारी आणि दुखणी सुरू झाली. शंभर जणांचं यकृत निकामी झालं. त्या वर्षाअखेरपर्यंत या विषाने 52 माणसं गेली. ब्राझीलच्या सांड्रा अझेवेदो आणि अमेरिकेचे वेन कारमायकल या शास्त्रज्ञांनी पाण्यात, गाळण्यांत आणि मृतांच्या यकृतात मायक्रोसिस्टिन शोधून काढलं. त्यांनी ते शोधलं नसतं तर ती बावन्न माणसं "आजारीच होती, गेली" म्हणून कागदावरून पुसली गेली असती. आपल्याकडे डायलिसिसवर असलेली माणसं आता वस्तीवस्तीत आहेत. त्यांच्या घरच्यांनी ही गोष्ट विसरू नये.

तिसरं गाव अमेरिकेतलं टोलेडो. ऑगस्ट 2014. ईरी सरोवरात निळ्या-हिरव्या जिवाणूंचा तवंग आला आणि शहराच्या नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन मर्यादेपेक्षा जास्त निघालं. पहाटेच शहराला निरोप गेला: नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. चार लाखांहून जास्त लोक. बाटलीबंद पाणी वाटण्यात आलं. तिसऱ्या दिवशी तपासण्या ठीक आल्यावर बंदी उठली. तिथे दवाखान्यात रांग लागायच्या आधी प्रयोगशाळेने सांगितलं होतं.

पाम बेट आणि टोलेडो यांच्यात फरक कशाचा? विष सारख्याच कुळातलं, जीव तसेच, ऊन तसंच. एका ठिकाणी पाणी रोज तपासलं जात होतं आणि लोकांना सांगितलं जात होतं. दुसऱ्या ठिकाणी पोरं आजारी पडल्यावर शोध सुरू झाला.

नमुना कोणाच्या पाण्याचा घेतात?

आपल्याकडे शास्त्रज्ञ नाहीत का? आहेत, आणि अगदी हाताशी आहेत. 2020 च्या जूनमध्ये बुलढाण्याच्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. देशभर बातमी झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. काही आठवड्यांतच आघारकर संस्थेने सांगितलं की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्म जीवांचा आहे. उत्तम काम झालं. लोणार हा जगाचा ठेवा आहे, त्याची काळजी घ्यायलाच हवी.

पण आम्ही विचारतो, सरोवर गुलाबी झालं की नमुना पुण्याला जातो, आणि आमच्या वस्तीचं पाणी हिरवं झालं की पावडरीची पिशवी येते, असं का? पुणे आमच्यापासून लोकलने दीड तासावर आहे. त्याच शहरात ती संस्था आहे, विद्यापीठ आहे, जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे. अंतर रेल्वेचं नाही. कोणाच्या पोटात जाणारं पाणी महत्त्वाचं, हे ठरवणाऱ्याच्या मनातलं अंतर आहे.

भुशीचं धरण मुळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून बांधलं गेलं. इंजिनाला कसलं पाणी चालेल याचा विचार तेव्हाही होत होता. बॉयलरमध्ये खार धरेल का, हे आधी बघितलं जायचं. आमच्या लेकरांच्या यकृताचा विचार निदान इंजिनाच्या बॉयलरइतका तरी व्हावा, एवढंच आमचं मागणं आहे.

बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा प्रश्न पाण्याच्या चवीचा नव्हता, माणूस म्हणून असलेल्या हक्काचा होता. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी तळं "शुद्ध" करायला शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे घडे त्यात ओतले. आरोग्याच्या नजरेने पाहिलं तर माणसाच्या ओंजळीने ते तळं बिघडलं नव्हतं. बिघडवणारी गोष्ट त्या घड्यांत होती, कारण शेण आणि मूत्र म्हणजे शेवाळाला आयतं खाद्य. पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क न्यायालयातही 1937 मध्ये आपल्या बाजूने लागला. आता पुढची पायरी आहे. पाण्यात काय आहे हे कळण्याचा हक्क. नळ दारात आला, पण त्या नळाला पाणी कुठून येतं, ते कधी तपासलं, तपासणीत काय निघालं, हे विचारलं की आजही आपल्याला दारातूनच परत पाठवतात.

जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच बायकांना पाणी तपासायची पेटी आणि प्रशिक्षण देतात. ही चांगली गोष्ट आहे, आमच्या ओळखीच्या बायका ते काम मनापासून करतात. त्या पेटीत पाण्याचा सामू, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, क्लोरीन आणि मैल्याचे जंतू बघता येतात. शेवाळाचं विष मात्र त्या पेटीत दिसत नाही. जलसुरक्षक ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन आहे का ते बघतो. तेही गरजेचं आहे, पण त्यातूनही हे विष कळत नाही. म्हणजे गावाला हिरवं कार्ड मिळालेलं असलं तरी मे महिन्यात टाकीतलं पाणी हिरवं असू शकतं.

गाळणं आणि त्याची हद्द

भिक्खूंच्या आठ परिष्कारांत चीवर आणि पात्रासोबत पाणी गाळायचं फडकं असतं, परिस्सावन. पाण्यातल्या बारीक जीवांना इजा होऊ नये म्हणून ते आलं, पण त्याने पिणाऱ्याचंही भलं झालं. रिटा कोलवेल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीच्या घड्या करून, आठ पदर होतील असं, त्यातून पाणी गाळायला लावलं. 2003 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की त्या खेड्यांत पटकी जवळजवळ निम्म्याने कमी झाली. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात, ते किडे साडीत अडकतात. म्हणून जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी फेकू नका. आठ पदर करून गाळा, फडकं धुऊन उन्हात वाळवा.

पण त्याची हद्द ओळखा. साडीच्या गाळण्याने शेवाळाचे मोठे पुंजके अडकतात, विरघळलेलं विष अडकत नाही. म्हणून आधी गाळून मग उकळलं तर आधी उकळून गाळण्यापेक्षा बरं, तरीही हिरव्या पाण्यावर हा पुरता इलाज नाही. हिरव्या पाण्याला एकच खात्रीचा उपाय, ते पाणी पिण्यासाठी न घेणं.

आपल्या कार्ले, भाजे, बेडशाच्या लेण्यांत गेलात तर पाण्याची टाकी नीट बघा. भाज्याला एका महारठीने दान दिलेल्या पोढीचा लेख कोरलेला आहे. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. यातली कित्येक टाकी कातळाच्या पोटात, सावलीत आहेत. ऊन नाही तर शेवाळ नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना ही जाण होती. घराघरातल्या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पिंपांना उन्हात उघडं ठेवणाऱ्या आपल्याला ती परत शिकायची आहे.

हिरवी पावडर

याच जिवाणूंची दुसरी बाजूही वस्तीत शिरली आहे. हिरव्या रंगाच्या गोळ्या आणि पावडरी विकायला ओळखीतलीच माणसं येतात. साखर जाते, कॅन्सर जातो, रक्त वाढतं, आणि "नैसर्गिक आहे, अपाय नाही". यातली स्पिरुलिना ही निळ्या-हिरव्या जिवाणूंचीच एक जात आहे. स्वच्छ टाकीत वाढवलेली, तपासलेली स्पिरुलिना म्हणजे प्रथिनांचं अन्न, एवढंच तिचं मोल. ते आपल्याला मटकी, शेंगदाणे, अंडी, सुकटीतून स्वस्तात मिळतं. पण उघड्या तळ्यातून गोळा केलेल्या शेवाळाच्या पावडरीचं काय? अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या एका मोठ्या तळ्यातलं निळं-हिरवं शेवाळ अशाच पूरक आहार म्हणून विकलं जायचं. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत 87 नमुन्यांपैकी 85 मध्ये मायक्रोसिस्टिन निघालं. त्यातले 63 तिथल्या सरकारी मर्यादेच्या वर होते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे वाक्य ज्याने पसरवलं त्याने साप आणि धोतरा पाहिलेला नसावा.

आता हेही सांगितलं पाहिजे की याच कुळातून खरी औषधंही आली आहेत. हिंदी महासागरातल्या एका समुद्री गोगलगाईत डोलास्टॅटिन नावाचं द्रव्य सापडलं. पुढे कळलं की ते गोगलगाईचं नाही, ती जे निळं-हिरवं शेवाळ खाते त्याचं आहे. ते द्रव्य इतकं जहाल की सरळ माणसाला देता येईना. शास्त्रज्ञांनी त्याच्या धर्तीवर एक रेणू बनवला, तो कॅन्सरच्या पेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला जोडला, आणि 2011 मध्ये अमेरिकेत ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या औषधाला मान्यता मिळाली. हॉजकिन लिम्फोमा या कॅन्सरच्या रुग्णांना त्याचा उपयोग होतो. विषातून औषध होतं, पण त्यासाठी वर्षानुवर्षं मोजावं, तपासावं, चुकावं आणि परत तपासावं लागतं. दारावर आलेल्या पावडरवाल्याने यातलं काय केलेलं असतं? भगवंतांनी कालामांना सांगितलंच आहे, कोणी सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. हा उपदेश पावडरवाल्यालाही लागू आणि आम्हा सिस्टरलाही लागू.

आपण काय करायचं

आधी एक गोष्ट स्पष्ट. प्रत्येक कावीळ शेवाळाची नसते. आपल्या वस्त्यांतली बहुतेक कावीळ मैलामिश्रित पाण्यातल्या विषाणूंची असते, आणि तिथे उकळणंच तारतं. म्हणून हे वाचून कोणी उकळणं बंद करू नये. स्वच्छ दिसणारं पाणी उकळा. हिरवं पाणी टाळा.

हिरवं पाणी ओळखायचं कसं? काडी घालून बघा. काडीला लांब धागे लटकले तर ते बहुधा साधं शेवाळ. धागे न येता काडीला रंग माखल्यासारखं झालं, तर सावध व्हा. पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर संशय घ्या. यावरून विष आहे की नाही हे ठरत नाही, पण ते पाणी थांबवून तपासणी मागायला एवढं पुरे.

अशा पाण्यात मुलांना डुंबू देऊ नका, जनावरांना पाजू नका. वारा ज्या काठाकडे साय ढकलतो तो काठ सर्वांत वाईट. चुकून पोहलंच तर स्वच्छ पाण्याने अंग धुवा. उलट्या, पुरळ, डोळे-लघवी पिवळी होणं असं काही झालं तर दवाखान्यात सांगताना "हिरव्या पाण्याशी संबंध आला होता" हे आवर्जून सांगा. आपण सांगितलं नाही तर डॉक्टर विचारतीलच असं नाही. त्या पाण्यातले मासे खायचेच झाले तर पोटातला सगळा भाग काढून टाका. दुसरं पाणीच नसेल तर नदीकाठच्या वाळूत हातभर लांब झिरा खणून त्यातलं पाणी घ्या. वाळू बरंच काही अडवते. ते मग उकळा. घरातली पिंपं झाकून, सावलीत ठेवा, आठवड्याला घासा.

महागडं यंत्र घ्या, असं आम्ही सांगणार नाही. चांगला कोळशाचा फिल्टर किंवा आरओ हे विष बरंचसं अडवतो, पण तो वेळेवर बदलायला पैसे लागतात. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानेच निरोगी राहावं, ही पद्धत आपल्याला मान्य नाही.

मागायचं ते सार्वजनिक मागूया. नगरपालिका असो की ग्रामपंचायत, मार्च ते जून दर पंधरवड्याला पाण्याच्या साठ्यांची पाहणी व्हावी. पाणी हिरवं दिसलं की वापर थांबवून दुसरी सोय करावी आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. लोक पीत असलेल्या हिरव्या साठ्यात मोरचूद किंवा टीसीएल ओतू नये. टँकरवर पाणी कुठून भरलं ते ठळक लिहावं. डायलिसिस केंद्रांनी पाण्याच्या तपासणीचा कागद भिंतीवर लावावा. आणि हॉटेल-बंगल्यांचा मैला धरणात, नदीत सोडणं थांबवावं, कारण मूळ तिथेच आहे.

शेवटचं आमच्या विज्ञान शाखेच्या मुलामुलींना. हे जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. तुमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक बाटली पाणी घेऊन सरांकडे किंवा मॅडमकडे जा, काचेवर थेंब ठेवून बघा, चित्र काढा, तारीख घाला. विषाची मोजणी मोठ्या प्रयोगशाळेत होईल, पण संशयाचा पहिला कागद तुम्ही तयार करू शकता. तो कागद घेऊन आम्ही त्या कार्यालयात परत जाऊ. मागच्या वेळी आमच्याकडे फक्त तक्रार होती, या वेळी सोबत पुरावा असेल.

त्या वस्तीतल्या बाईला आम्ही पुढच्या आठवड्यात परत भेटलो आणि सांगितलं, आमचा सल्ला अपुरा होता, तुमचा काही दोष नाही. तिने विचारलं, "मग सिस्टर, आता पाणी कुठलं भरू?" त्या प्रश्नाचं उत्तर देणं तिचं काम नाही. ते ज्यांचं काम आहे त्यांच्या दारात आपण सगळ्यांनी मिळून तो प्रश्न न्यायचा आहे, पुढचा मे महिना यायच्या आत.

जय भीम. नमो बुद्धाय.